चिंताशामक औषधांचा संयुक्त वापर

चिंताशामक औषधांचा संयुक्त वापर : चिंता, भीती, अस्वस्थता आणि त्यांच्या अनुषंगाने होणारी धडधड, कंप, निद्रानाश इ. लक्षणे कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांना चिंताशामक औषधे म्हणतात. अशी दोन वा अधिक औषधे एकाच काळात घेणे, तसेच त्यांच्या जोडीला मेंदूचे कार्य मंदावणारी अन्य औषधे, मद्य किंवा वनौषधी घेणे, याचा अंतर्भाव संयुक्त वापरात होतो. अशा जोड्यांपैकी काही उपचारास आवश्यक असतात, काही निरर्थक असतात आणि काही प्राणघातक ठरू शकतात. प्रत्येक औषधाची मात्रा स्वतंत्रपणे सुरक्षित मर्यादेत असली, तरी त्यांची बेरीज सुरक्षित असेलच असे नाही. आणि व्यवहारात ही बेरीज बहुधा कोणीच केलेली नसते.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिंता व निद्रानाश यांवर मुख्यतः बार्बिच्युरेटे वापरली जात. बार्बिटाल १९०३ मध्ये व फिनोबार्बिटाल १९१२ मध्ये प्रचारात आले. त्यांची उपचारात्मक मात्रा व मारक मात्रा यांतील अंतर थोडे असल्याने विषबाधेच्या घटना वारंवार घडत. भारतात सर्पगंधेचा शामक म्हणून वापर परंपरेने चालत आला होता. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगासंबंधी प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. १९५५ मध्ये मेप्रोबामेट, १९६० मध्ये क्लोरडायाझेपॉक्साइड व १९६३ मध्ये डायाझेपाम विक्रीस आले. शेवटची दोन औषधे बेंझोडायाझेपीन या गटातील असून त्यांच्या शोधाचे श्रेय हॉफमन-ला रोश या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांना दिले जाते. डायाझेपामाचे ‘काम्पोज’ हे व्यापारी नाव भारतात इतके रुळले की, शांत करणारी कोणतीही गोळी म्हणजे काम्पोज, असा अर्थ बोलीत आला. पुढे लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम इ. औषधांची भर पडली.

केवळ बेंझोडायाझेपिनाची मात्रा अधिक झाल्यामुळे निरोगी प्रौढ व्यक्तीस मृत्यू येणे विरळा असते. बार्बिच्युरेटांच्या तुलनेत ही फार मोठी प्रगती होती. परंतु ‘सुरक्षित’ ही ख्याती एकट्या औषधाची आहे. ती त्याच्या संयोगांनाही लागू आहे, असा समज मात्र वैद्यक व्यवसायात व जनसामान्यांत दीर्घकाळ टिकून राहिला.

क्रियेचे स्वरूप : मेंदूतील तंत्रिका कोशिकांचे उद्दीपन आवरून धरण्याचे कार्य मुख्यत्वे गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्ल (संक्षेपाने ‘गाबा’) हा पदार्थ करतो. तो कोशिकेच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीला चिकटला म्हणजे ग्राहीमधील मार्ग उघडून क्लोराइड आयन आत शिरतात व कोशिका शांत होते. बेंझोडायाझेपिने त्याच ग्राहीवरील वेगळ्या जागी बसून हा मार्ग वारंवार उघडण्यास मदत करतात. मात्र गाबा नसेल, तर ती स्वतः तो उघडू शकत नाहीत. त्यांच्या परिणामाला मर्यादा पडते ती यामुळेच. बार्बिच्युरेटे हा मार्ग अधिक वेळ उघडा ठेवतात व मोठ्या मात्रेत गाबाच्या साहाय्यावाचूनही उघडतात. मद्याची क्रियाही अंशतः याच ग्राहीमार्फत होते. म्हणून बेंझोडायाझेपिनाच्या जोडीला मद्य किंवा बार्बिच्युरेट आले की, निसर्गतः असलेली ती मर्यादा उरत नाही.

अफूजन्य व तत्सम वेदनाशामके (मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमाडॉल इ.) वेगळ्या ग्राहींवर कार्य करतात, परंतु मस्तिष्क स्तंभातील श्वसन केंद्र मंदावणे हा त्यांचा परिणाम बेंझोडायाझेपिनांच्या परिणामात मिसळतो. झोपेत श्वास उथळ व विरळ होतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि एरवी अशा वेळी माणसाला जागे करणारी यंत्रणाही दडपली गेलेली असते. ऑस्ट्रेलियन नट हीथ लेजर यांचा २२ जानेवारी २००८ रोजी न्यूयॉर्क येथे मृत्यू झाला. शवपरीक्षेनंतर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या शरीरात ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही वेदनाशामके, डायाझेपाम, टेमाझेपाम व अल्प्राझोलाम ही तीन बेंझोडायाझेपिने आणि डॉक्सिलामीन हे झोप आणणारे हिस्टामीनरोधक आढळले. मृत्यूचे कारण म्हणून यांपैकी कोणत्याही एका औषधाचे नाव न देता सर्वांचा संयुक्त परिणाम नमूद करण्यात आला व मृत्यू अपघाती ठरविण्यात आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये या दोन्ही गटांच्या औषधांवर, ती एकत्र घेण्याच्या धोक्याचा ठळक चौकटीतील इशारा छापणे बंधनकारक केले. डिसेंबर २०१९ मध्ये प्रेगाबालिन व गाबापेंटिन यांच्या बाबतीतही श्वसनासंबंधीचा इशारा त्याच प्रशासनाने दिला.

संयोग कसे घडतात : एकाच वैद्याने जाणूनबुजून धोकादायक जोडी लिहून देणे हे तुलनेने क्वचित घडते. बहुतेक संयोग नकळत घडतात व त्याचे मूळ उपचारांच्या विभागणीत असते. पुण्याच्या दक्षिण टोकास असलेल्या कात्रजचे उदाहरण घेता येईल. तलाव व घाट यांसाठी पूर्वी परिचित असलेले हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. पुणे–सातारा रस्त्यावर धनकवडी–कात्रज भागात भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८९) व रुग्णालय असून परिसरात खासगी दवाखाने व औषधांची दुकाने आहेत. शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र शहराच्या दुसऱ्या बाजूस येरवड्याला आहे. अशा उपनगरातील साठीच्या एखाद्या रुग्णाची कल्पना करावी. झोप येत नाही म्हणून घरच्या डॉक्टरांनी त्यास क्लोनाझेपाम ०·५ मिग्रॅ. दिलेले असते. छातीत धडधडते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम व प्रोप्रॅनोलॉल यांची जोडगोळी दिलेली असते. पाठदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञाने प्रेगाबालिन व ट्रॅमाडॉल लिहिलेले असते आणि सर्दीसाठी क्लोरफेनिरामीन असलेली गोळी रुग्णाने स्वतःच दुकानातून आणलेली असते. यांपैकी प्रत्येक औषधयोजनेचे समर्थन करता येईल. परंतु रात्री नऊच्या सुमारास त्या रुग्णाच्या पोटात मेंदू मंदावणारी पाच औषधे गेलेली असतात आणि ही गोष्ट पाचही एकत्र पाहणाऱ्या कोणा एका जाणकारास ठाऊक नसते.

व्यापारी नावांमुळे या गोंधळात भर पडते. एकच औषध भारतात अनेक नावांनी विकले जात असल्याने दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या म्हणजे दोन निरनिराळी औषधे, असे रुग्णास वाटते. वेष्टनावरील बारीक अक्षरांतील मूळ नाव वाचल्यास पुष्कळदा ते एकच असल्याचे आढळते. मात्रेच्या आकड्यांनीही असाच भ्रम होतो. ०·५ मिग्रॅ. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम हे स्थूलमानाने १० मिग्रॅ. डायाझेपाम, १ मिग्रॅ. लोराझेपाम किंवा २५ मिग्रॅ. क्लोरडायाझेपॉक्साइड यांच्या बरोबरीचे असते. ‘अर्धीच मिलिग्रॅमची’ गोळी सौम्य समजून दुसऱ्या गोळीसोबत घेणाऱ्याने प्रत्यक्षात नेहमीची मात्रा दुप्पट केलेली असते. एकाच वेळी दोन बेंझोडायाझेपिने देण्याची आवश्यकता क्वचितच असते.

औषध शरीरात किती काळ टिकते, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ (अर्धायुकाल) अल्प्राझोलामाच्या बाबतीत सु. ११ तास, तर क्लोनाझेपामाच्या बाबतीत सु. ३० ते ४० तास असतो. डायाझेपामापासून यकृतात तयार होणारा क्रियाशील पदार्थ तर सु. १०० तासांपर्यंत निम्मा उरू शकतो. परिणामी सोमवारी रात्री घेतलेली गोळी बुधवारी घेतलेल्या मद्यातही भर घालते. वृद्धांत हा काळ आणखी लांबतो. तोल जाऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे, विस्मरण व गोंधळलेपण हे त्यांच्यातील संयुक्त वापराचे नित्याचे परिणाम असून ते पुष्कळदा ‘वयोमानामुळे’ म्हणून सोडून दिले जातात.

यकृतातील परस्परक्रिया : काही औषधे स्वतः शामक नसूनही चिंताशामकाचा परिणाम पालटतात. अल्प्राझोलाम, मिडाझोलाम इ. औषधांचे विघटन यकृतातील सायटोक्रोम नावाच्या एंझाइम समूहातील विशिष्ट एंझाइम करते. गजकर्णावर भारतात सर्रास दिले जाणारे इट्राकोनाझोल, तसेच कीटोकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसीन व एरिथ्रोमायसीन ही औषधे या एंझाइमास रोधतात. अशा वेळी मात्रा तीच असूनही अल्प्राझोलामाचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणून इट्राकोनाझोल व अल्प्राझोलाम ही जोडी निषिद्ध मानली जाते. त्वचारोगावरील गोळी व झोपेची गोळी यांचा काही संबंध असेल, अशी शंका रुग्णाला येण्याचे कारणच नसते. ग्रेपफ्रूट या फळाचा रसही हेच एंझाइम रोधतो. पॅरॉक्सेटीन व सर्ट्रालीन यांच्या मानाने त्याच गटातील फ्लुव्होक्सामीन या बाबतीत अधिक त्रासदायक आहे. क्षयरोगावरील रिफँपिसीन याच्या नेमके उलट कार्य करते. त्याने एंझाइमांचे प्रमाण वाढते व चिंताशामक निष्प्रभ होते. रुग्ण किंवा वैद्य मग मात्रा वाढवितो. क्षयाचा उपचार संपून रिफँपिसीन थांबले की, काही आठवड्यांत एंझाइमे पूर्ववत होतात आणि ती वाढविलेली मात्रा अतिरिक्त ठरते. लोराझेपाम व ऑक्झाझेपाम यांचे विघटन वेगळ्या मार्गाने होत असल्याने वृद्ध व यकृतविकारग्रस्त रुग्णांसाठी ती पसंत केली जातात.

अवसादरोधके व अन्य औषधे : दीर्घकालीन चिंताविकारांत आज प्रथम पसंती एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन इ. सेरोटोनिन पुनर्ग्रहण-रोधक औषधांना दिली जाते. त्यांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात व आरंभीच्या दिवसांत अस्वस्थता क्वचित वाढतेही. या मधल्या काळापुरते बेंझोडायाझेपीन सोबत देणे ही मान्यताप्राप्त व उपयुक्त पद्धत आहे. दोष या जोडीत नाही. काही आठवड्यांसाठी दिलेले दुसरे औषध वर्षानुवर्षे चालू राहते, हा खरा दोष होय.

सेरोटोनिनाचे प्रमाण वाढविणारी दोन औषधे एकत्र आल्यास कंप, स्नायूंचे झटके, घाम, ज्वर, जुलाब व भ्रम ही लक्षणे असलेला ‘सेरोटोनिन लक्षणसमूह’ उद्‍भवतो व तो तीव्र असल्यास मृत्यू ओढवतो. ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि औषधरोधी क्षयावर वापरले जाणारे लिनेझोलिड यांच्या बाबतीत हा धोका विशेष ध्यानात ठेवावा लागतो. मोनोअमाइन ऑक्सिडेज-रोधक औषधे आणि सेरोटोनिन पुनर्ग्रहण-रोधके यांच्या वापरात किमान १४ दिवसांचे अंतर लागते. फ्लुओक्सेटीन बंद केल्यावर तर पाच आठवडे थांबावे लागते. अ‍ॅस्पिरीन, आयबुप्रोफेन इ. वेदनाशामकांसह ही औषधे घेतल्यास जठरांत्रमार्गातील रक्तस्रावाची शक्यता वाढते.

प्रोप्रॅनोलॉल धडधड व कंप थांबविते, पण दम्याच्या रुग्णास ते देऊ नये. मधुमेही व्यक्तीत रक्तातील साखर घटल्याची पूर्वसूचना देणारी धडधड ते झाकून टाकते. सर्पगंधा, जटामांसी, अश्वगंधा यांसारख्या वनौषधी ‘नैसर्गिक’ म्हणून डॉक्टरांना सांगितल्याच जात नाहीत. त्यांच्यापैकी सर्पगंधेतील रिसर्पिनामुळे अवसाद उत्पन्न होऊ शकतो व शामक औषधांसमवेत गुंगी वाढते.

जोडगोळ्या : दोन औषधे ठराविक प्रमाणात एकाच गोळीत घालून विकण्याची प्रथा भारतात फार फोफावली. अल्प्राझोलाम–प्रोप्रॅनोलॉल, क्लोरडायाझेपॉक्साइड–अ‍ॅमिट्रिप्टिलीन व एस्सिटालोप्राम–क्लोनाझेपाम ही त्यांची परिचित उदाहरणे होत. गोळ्यांची संख्या कमी होणे व खर्च वाचणे हे त्यांचे फायदे सांगितले जातात. तोटा असा की, एका घटकाची मात्रा दुसऱ्याला हात न लावता बदलता येत नाही. एस्सिटालोप्राम वर्षभर द्यायचे व क्लोनाझेपाम महिन्याभरात थांबवायचे असेल, तर जोडगोळी हा मार्गच बंद करते. अल्प्राझोलाम–प्रोप्रॅनोलॉल ही गोळी एकाएकी बंद केल्यास दोन औषधे एकदम तुटतात आणि या दोहोंपैकी प्रत्येक औषध स्वतंत्रपणेही सावकाशच थांबवावे लागते. २०१५ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, भारतात विकल्या जाणाऱ्या मानसोपचारातील जोडगोळ्यांपैकी बहुसंख्य प्रकारांना केंद्रीय मान्यता मिळाल्याची नोंद आढळली नाही.

डायाझेपाम–डायफेनहायड्रामीन ही जोडी, तसेच शामक, निद्राकारक वा चिंताशामक औषधे वेदनाशामक व ज्वरशामक औषधांशी मिसळून केलेल्या जोड्या यांवर भारत सरकारने बंदी घातली आहे. मार्च २०१६ मध्ये विविध प्रकारच्या ३४४ जोडगोळ्यांवर बंदी आली. ती न्यायालयात टिकली नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे सोपविल्यावर त्याच्या शिफारशीनुसार सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोड्यांवर पुन्हा बंदी घालण्यात आली.

विक्रीवरील नियंत्रण : अल्प्राझोलाम, डायाझेपाम इ. औषधे गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कक्षेत येतात. १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘एच-१’ या अनुसूचीत क्षयरोगावरील औषधे व काही प्रतिजैव पदार्थ यांच्यासह अल्प्राझोलाम, क्लोरडायाझेपॉक्साइड, डायाझेपाम, मिडाझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, कोडीन व ट्रॅमाडॉल यांचा समावेश आहे. त्यांच्या विक्रीच्या वेळी विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण, औषध व मात्रा यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. ही तरतूद योग्य असली, तरी अपुरी आहे. वही दुकानाची असते, रुग्णाची नसते. वर वर्णिलेल्या रुग्णाने तीन दुकानांतून औषधे आणली, तर तिन्ही वह्या निर्दोष राहूनही संयोग घडतोच. यावर साधा व परिणामकारक उपाय म्हणजे घेत असलेल्या सर्व औषधांची (सर्दीची गोळी, काढे व मद्य यांसह) एकच यादी बाळगणे व ती प्रत्येक डॉक्टरास दाखविणे हा होय. औषधांचे अनिष्ट परिणाम कळविण्यासाठी भारतीय औषधकोश आयोगाच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे.

वाहन चालविणे : शामकांच्या संयोगाने प्रतिक्रियेस लागणारा वेळ वाढतो; मात्र आपण मंदावलो आहोत, याची जाणीवही त्याबरोबर बोथट होते. जुना कात्रज घाट वळणावळणाचा आहे, तर नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे जाणारा बाह्यवळण महामार्ग दीर्घ उताराचा आहे. या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली होती. तेथील अपघातांची चर्चा उतार, वेग व ब्रेक यांसंबंधी होत आली आहे, औषधांसंबंधी नव्हे. तथापि समोरचे वाहन थांबताच निमिषार्धात ब्रेक दाबावा लागणाऱ्या अशा रस्त्यावर आदल्या रात्रीच्या दोन गोळ्यांचा सकाळचा अंमलही उपेक्षणीय नसतो. औषधाच्या अंमलामुळे वाहनावर ताबा ठेवण्यास असमर्थ असताना ते चालविणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार गुन्हा आहे.

औषध थांबविणे : धोकादायक संयोग लक्षात आल्यावर घाबरून सर्व गोळ्या एकदम बंद करणे ही दुसरी गंभीर चूक होय. काही आठवडे नियमित बेंझोडायाझेपीन घेतलेल्या व्यक्तीचा मेंदू त्याला सरावलेला असतो. ते तुटले की चिंता व निद्रानाश मूळच्यापेक्षा तीव्रतेने उफाळतात, कंप सुटतो, भास होतात व अपस्मारासारखे झटके येऊन मृत्यूही येऊ शकतो. तेलंगणात ताडीमध्ये (तेथील ‘कल्लू’) अल्प्राझोलाम, डायाझेपाम व क्लोरल हायड्रेट यांची भेसळ होत आली आहे. २०१५ मध्ये ही भेसळ रोखण्यासाठी कारवाई झाल्यावर नेहमी ताडी पिणाऱ्या अनेकांना झटके व भ्रम यांमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. आपण कोणते औषध घेत होतो, हे त्यांना ठाऊकही नव्हते. वैद्यकीय देखरेखीखाली मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्क्यांनी कमी करीत जाणे ही सर्वसाधारण पद्धत असून तीस कित्येक महिने लागू शकतात. अनेक औषधे चालू असल्यास प्रथम कोणते कमी करावयाचे, हे डॉक्टरच ठरवितात. श्वसन मंदावणारी वेदनाशामके असल्यास त्यांचा विचार आधी करावा लागतो. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

विषबाधा व उपचार : हाक मारूनही न उठणे, घोरण्यासारखा अडखळता व विरळ श्वास, ओठ व नखे निळसर पडणे, ही संयुक्त विषबाधेची चिन्हे होत. ‘गाढ झोप लागली आहे’ असे समजून रुग्णास तसेच राहू दिल्याने मौल्यवान वेळ वाया जातो. रुग्णास कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे (रुग्णवाहिकेसाठी १०८) आणि घरातील गोळ्यांची सर्व वेष्टने, रिकामी असली तरी, बरोबर न्यावीत. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. उपचारात श्वसनमार्ग मोकळा ठेवणे व कृत्रिम श्वसन यांना अग्रक्रम असतो. अफूजन्य औषधांवर नालोक्झोन हा उतारा आहे. बेंझोडायाझेपिनांवरील फ्लुमाझेनिल हा उतारा मात्र संयुक्त विषबाधेत सहसा टाळला जातो. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यास किंवा सोबत अ‍ॅमिट्रिप्टिलिनासारखे अवसादरोधक घेतलेल्यास त्यामुळे झटके येऊ शकतात. शिवाय त्याचा अंमल तासाभरात ओसरत असल्याने डायाझेपामासारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाच्या विषबाधेत शुद्धीवर आलेला रुग्ण पुन्हा बेशुद्ध होतो.